वरचा अर्धा तास

दोन शहरांच्या विमानतळांमधलं अंतर हल्ली कुणीही सांगतं. फोनवर दोन नावं टाकली की आकडा हजर: सरळ रेषेत इतके किलोमीटर, उड्डाणाला इतके तास, इतकी मिनिटं. आकडा खोटा नसतो, पण त्यात माणूस बसलेला नसतो. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही, फाटकावरचा पहारेकरी नेमका जेवायला गेलेला असतो, नातेवाइकांना अगदी निघताना डोळ्यांत घालायचे थेंब आठवतात, हे त्या बिचाऱ्या आकड्याला काय ठाऊक!

ताईला हे सगळं ठाऊक होतं, कारण तिचं पोट त्यावरच होतं. ती एका एअर अँब्युलन्स कंपनीत वेळा ठरवायची. कंपनी म्हणजे एक छोटं विमान, दोन गाड्या आणि हँगरच्या माथ्यावर बांधलेल्या दोन खोल्या. मोठं विमान सुटलं की त्या खोल्यांच्या काचा थंडीने दात वाजावेत तशा वाजायच्या. विमानतळ ते विमानतळ किती वेळ, हे कॅप्टन बघायचा. वारा, इंधन, उंची ही त्याची डोकेदुखी. ताईचा आकडा वेगळा. तिकडच्या हॉस्पिटलात रुग्णाची भिंतीवरची ऑक्सिजनची नळी काढून आपल्या सिलिंडरची लावली, तिथपासून इकडे विमानाशेजारी उभ्या असलेल्या आपल्या गाडीत तो ठेवला जाईपर्यंत किती वेळ जाणार? ऑफिसात त्याला 'पलंग ते गाडी' म्हणत. याच आकड्यावर ऑक्सिजनचे सिलिंडर मोजून विमानात चढायचे. तिकडच्या भाड्याच्या गाडीतल्या सिलिंडरवर कंपनीचा भरवसा नव्हता. तो भरलेला असेल की नुसता रंगवलेला, देव जाणे.

आणि या आकड्यात ताई अर्धा तास वरचा घालायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी विमानाला उशीर झाला होता, आणि एका म्हाताऱ्याच्या मुलाने तिला हँगरच्या दारात उभं करून जे काही सुनावलं होतं, ते तिच्या कानांत बसलं ते बसलंच. तेव्हापासून दोन तासांचं काम असलं की ती अडीच सांगायची. मग विमान 'लवकर' यायचं. नातेवाईक हात जोडायचे, कुणी तर डोळे पुसत म्हणायचं, तुमच्या पायगुणाने लवकर आलं हो. ताई मान खाली घालून हसायची. या अर्ध्या तासाबद्दल तिने आजवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. ही आपली एकटीची गंमत, असा तिचा पक्का समज होता. समज पक्के असले की माणूस तपासायला जात नाही.

तसं पाहिलं तर ही सवय तिची स्वतःचीही नव्हती. ती दादाची. दादा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर घरात कर्ता तोच, वेणी घालणाराही तोच. तिला शाळेला उशीर होऊ नये म्हणून तो भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवायचा आणि "अगं, वाजले बघ किती!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.

हाच दादा आता दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात, नाकातोंडावर मास्क लावून, एकेक श्वास ओढत पडला होता. फुप्फुसं आधीच अधू, त्यात न्यूमोनिया. तिकडचे डॉक्टर काही लपवत नव्हते. आमच्याकडे जेवढं आहे तेवढं करून झालं, म्हणाले. पुढचं मशीन ताईच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होतं, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिने पलंग मिळवला, साहेबांकडून विमान मिळवलं. राहिली फक्त तिकडच्या डॉक्टरांची सही.

"बाई, त्यांना हलवणं म्हणजे जोखीम आहे," डॉक्टर फोनवर म्हणाले. "तीन तासांच्या आत होणार असेल तर मी सही करतो. त्याच्या वर असेल तर मला विचारू नका. किती लागतील?"

पलंग ते गाडी. तिच्यासमोर आकडा तयार होता. तिकडे खाली उतरवून, रस्ता, विमानात चढवणं मिळून एक तास. समोरचा वारा धरून उड्डाण एक तास चाळीस. इकडे उतरवायला पाच मिनिटं. पावणेतीन तास. आणि तिचा अर्धा तास घातला तर सव्वातीन.

तिने डोळे मिटले. "पावणेतीन," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, डॉक्टर. माझा सख्खा भाऊ आहे तो."

खोटं काहीच नव्हतं त्यात. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने निव्वळ खरा आकडा तोंडातून काढला होता. फोन ठेवल्यावर तिचे तळहात घामाने ओले झाले होते, आणि का ते तिला कळेना. मग तिने रोजच्यासारखा तोच आकडा ब्रदरला कळवला, गाडीवाल्या मामांना कळवला, आणि देवाचं नाव घेऊन घरी गेली.

ब्रदर म्हणजे विमानातला परिचारक. उंचपुरा, तोंडाचा पट्टा सदैव चालू, पण हात असा हलका की सुई टोचलेली कळू नये. सिलिंडर मोजून चढवायचं काम त्याचं. त्याच्याबरोबर एक तरुण डॉक्टरीण असायची, ती गरजेपुरतं बोलायची.

सकाळी विमान वेळेवर सुटलं. ताई खिडकीशी उभी राहून ते ढगात शिरेपर्यंत बघत होती. ऊन लवकर चढलं होतं आणि धावपट्टीवर हवा नुसती थरथरत होती. जाताना वारा पाठीमागून होता. तिकडे उतरल्यावर ब्रदरचा मेसेज आला: 'वीस मिनिटं आधीच पोचलो! ताई, तुमचा आकडा म्हणजे तुमचाच आकडा,' आणि पुढे हसरा चेहरा.

ताईलाही हसू आलं. वारा पाठीशी असला की कुणीही लवकर पोचतं, येताना तो तोंडावर असणार, हे लिहावंसं तिला वाटलं. पण तेवढ्यात मोठ्या हॉस्पिटलातून पलंगासाठी फोन आला आणि ते राहूनच गेलं.

साडेदहाला दादाची भिंतीवरची नळी निघाली. तिने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा अधिक पावणेतीन. सव्वा एकला दादा आपल्या गाडीत.

अकराच्या सुमारास ब्रदरचा फोन आला. मागे कुणाचे तरी चढे आवाज येत होते.

"ताई, तुमच्या वहिनी ऐकत नाहीत. मी पण येणार म्हणून स्ट्रेचरचा दांडा धरून बसल्यात. आणि कॅप्टन म्हणतोय, ऊन फार चढलंय, धावपट्टी आखूड आहे, इतकं वजन उचलणार नाही."

"दे तिच्याकडे फोन."

वहिनीचा आवाज रडून रडून बसला होता. "अगं, मी तिकडे गाडीने यायचं म्हणजे उद्या उजाडणार. तोपर्यंत याचं काही... मला नाही सोडायचं याला. तीस वर्षांत एक दिवस सोडलं नाही, आणि आज सोडू?"

वहिनी या घरात आली तेव्हा ताई पोरसवदा होती. पहिल्या पाळीत पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून रात्रभर बसली होती ती वहिनीच. "रडू नकोस. तू येतेयस," ती म्हणाली. "ब्रदरला दे." आणि ब्रदरला म्हणाली, "हे बघ, काय वाट्टेल ते कर, पण तिला मागे ठेवू नकोस. माझ्यासाठी कर एवढं."

ब्रदर म्हणाला, "बघतो, ताई. करतो काहीतरी. तुम्ही काळजी सोडा."

काय करतोस, हे तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने मेसेज आला: 'वहिनी बसल्या. जागा केली. सुटतोय.' ताईचा जीव भांड्यात पडला. स्क्रीनवर विमानाचा केशरी ठिपका उमटला आणि मुंगीच्या पावलाने तिच्या शहराकडे सरकायला लागला.

बाराला मामा वर आले. मामा म्हणजे गाडीचे चालक, निवृत्तीला आलेले, गाडी पोटच्या पोरासारखी पुसणारे. कुणाचेच सख्खे मामा नसून सगळ्यांचे मामा होते. पेल्यात चहा ओतून घेत ते म्हणाले, "चला, मी गाडी लावतो फाटकावर. आत सोडायला उगाच वेळ काढतात. पाऊणला विमानाशी हजर असतो."

"पाऊणला कशाला, मामा?" ताई हसली. "सव्वा एक सांगितलंय ना मी? उन्हात तापत बसाल."

मामांनी चहाचा घोट घेतला. "सव्वा एक म्हणजे पाऊण. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली, ताई. एवढं नाही का कळणार?"

"काय कळणार?"

"अहो, तुमचा वरचा अर्धा तास!" मामा दिलखुलास हसले. "आम्ही सगळेच वजा करून घेतो. मी करतो, ब्रदर करतो. मागे तो सुट्टीवर गेला होता ना, तेव्हा बदलीच्या पोराला जाताना सांगून गेला: ताईंनी तीन सांगितले की अडीच समज. खाली चहावाला पण ओळखतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां. चांगल्यासाठीच करता तुम्ही."

ताई हसतच होती. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून मात्र सगळं गार पडत गेलं.

*ब्रदर करतो.*

तुमचा आकडा म्हणजे तुमचाच आकडा. जागा केली. करतो काहीतरी.

लहानपणी अंथरुणात पडून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायची आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. दादाला वाटायचं, तिला माहीत नाही. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे तिला आत्ता, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं.

"मामा," ती म्हणाली, "आज मी अर्धा तास घातलेला नाही."

मामांनी पेला खाली ठेवला. त्यांना लगेच उमगलं नाही. मग उमगलं.

"पण म्हणून काय झालं," ते सावरून म्हणाले. "एक सिलिंडर जादाचा असतोच की विमानात. नियम आहे तो."

नियम होता. तिनेही आजवर तेच धरलं होतं. पण तिच्या आकड्यात अर्धा तास वरचा असतोच हे ज्याला माहीत आहे, तो वर आणखी जादाचा सिलिंडर कशाला वाहील? ती आकड्यात घालत होती म्हणून तो सिलिंडर काढत होता, आणि आजवर दोन्ही मिळून ताळा बरोबर जमत होता. आज तिने आपलं काढून घेतलं होतं. वर वहिनीसाठी जागा झाली होती. कशाची झाली होती?

तिने ब्रदरला फोन लावला. विमान हवेत, फोन बंद. ऑफिसातल्या रेडिओवर विमानाचा आवाज डोंगराच्या रांगेवर आल्यावरच यायचा, आणि ठिपका अजून डोंगरांच्या बराच पलीकडे होता. वाटेत एक मधलं विमानतळ होतं, छोटंसं, पण शेजारी हॉस्पिटल असलेलं. ठिपका त्याच्या जवळजवळ डोक्यावर आला होता.

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. हे लोक फार शांतपणे ऐकतात. त्यांचं कामच तसं, पण त्या क्षणी तिला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. विमान आमच्या हद्दीत नाही, म्हणाला. पलीकडच्या कक्षाला निरोप देतो, तो कॅप्टनला देईल. निरोप काय द्यायचा?

"विचारा, ऑक्सिजन किती वेळाचा आहे. आणि सांगा, ताईंच्या आकड्यात वरचा अर्धा तास नाही. एवढंच सांगा."

"वरचा म्हणजे?"

"त्यांना कळेल! तुम्ही सांगा फक्त!"

मामा जागचे हलले नव्हते. दोघंही स्क्रीनकडे बघत होते. ठिपका मधल्या विमानतळावर आला. थांबल्यासारखा वाटला. मग पुढे सरकला. ताईने मनात म्हटलं, वळ. वळ ना रे. पण ठिपक्याला कान नसतात. मधलं विमानतळ मागे पडलं, आणि बघता बघता पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी उरलं. आता परत फिरण्यात अर्थ नव्हता.

"पोचतील, ताई," मामा म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

रेडिओ खरखरला तेव्हा ठिपका डोंगराच्या रांगेवर होता. आधी कॅप्टन बोलला. निरोप आत्ताच मिळाला, हेडफोन ब्रदरला कानाला लावायला देतो, म्हणाला. मग ब्रदर आला. ताईने इतक्या वर्षांत त्याला एवढं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वहिनी शेजारीच बसली होती, म्हणून असेल.

"ताई, हे खरं आहे? आज नाही घातला?"

"नाही घातला. ब्रदर, सिलिंडर किती आहेत?"

खरखर.

"बॅगा ठेवल्या मागे, घडीची खुर्ची ठेवली. तरी वजन बसेना. मग एक सिलिंडर उतरवला. मला वाटलं, तुमचा अर्धा तास आहेच वरचा. जाताना आम्ही लवकर पोचलो ना. म्हणून खात्रीच वाटली."

"किती पुरेल?"

"पाऊणपर्यंत. धार कमी केली तर थोडं पुढे. पण कमी केली की तुमचे दादा निळे पडतात, ताई. आत्ताच करून बघितली."

ताईने टेबलाची कड धरली. पाऊणपर्यंत. विमान टेकणार एक वाजून दहा मिनिटांनी. हे अंतर काही किलोमीटरचं नव्हतं. ते फक्त वेळेत होतं, आणि जगातला कुठलाही कॅप्टन ते ओलांडू शकत नव्हता.

"दादा शुद्धीवर आहे?"

"आहेत. मास्कमधून काहीतरी बोलले मघाशी. वहिनींना विचारलं मी, काय म्हणाले. त्या म्हणाल्या, विचारतोय, किती वाजले."

मामांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इतकी वर्षं हातभर अंतर राखून वागलेल्या त्या माणसाचा हात तिने घट्ट धरून ठेवला.

मग मात्र ती उठली. हातपाय गाळायला वेळ नव्हता. तिने पुन्हा नियंत्रण कक्ष गाठला, कॅप्टनला थेट उतरू द्या म्हणून विनवलं, भांडली, आणि त्या शांत माणसाने खरोखरच दोन मोठी विमानं बाजूला थांबवली. मामा जिना उतरून धावत सुटले. त्या वयात ते धावू शकतात हे हँगरमधल्या कुणालाच माहीत नव्हतं. गाडी विमान थांबतं तिथे जाऊन उभी राहिली, मागची दारं उघडी, सिलिंडरची चावी सैल करून ठेवलेली. ताई भर उन्हात गाडीच्या पायरीशी उभी होती. पाऊण वाजला. तिने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मनातलं घड्याळ कोण बंद करणार?

आकाशात काहीच नव्हतं. अगदी स्वच्छ, निळं, रिकामं. तिकडे वर कुठेतरी ती डॉक्टरीण हाताने रबराची पिशवी दाबत असेल आणि दादाच्या सडलेल्या फुप्फुसांत साधी हवा भरत असेल. साधी हवा. तुम्हाआम्हाला जन्मभर पुरते ती. ताईने खोल श्वास घेतला आणि तो घेतल्याची तिला लाज वाटली.

विमान दिसलं तेव्हा ते एवढंसं होतं. मग ते मोठं झालं, टेकलं, धावत आलं. दार उघडलं. आधी स्ट्रेचरचा दांडा, मग ब्रदरचा घामाने निथळणारा चेहरा, मग मास्कखाली दादाचा चेहरा, आणि त्याचा रंग बघून ताईने तोंड फिरवलं. डॉक्टरीण अजून पिशवी दाबतच होती. तिची बोटं आखडली होती, ती सोडवून मामांनी नळी जोडली. छाती हलत होती. नाडी होती.

गाडीचं दार लागलं तेव्हा सव्वा एक वाजला होता. वाऱ्याने खाल्लेलं थेट उतरण्याने भरून निघालं होतं. तिने सांगितलेला आकडा मिनिटावर खरा ठरला होता. कुणी उशीर केला नव्हता, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. ज्याने त्याने आजही रोज करतो तेच केलं होतं.

मोठ्या हॉस्पिटलात दादाला आत नेलं आणि दारं मिटली. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन एकच प्रश्न विचारला. "ऑक्सिजनशिवाय किती वेळ होते?"

ब्रदरने ताईकडे पाहिलं, बाकावर बसलेल्या वहिनीकडे पाहिलं. "चार-पाच मिनिटं," तो म्हणाला.

डॉक्टर आत जायला वळले. ताईने ब्रदरची बाही धरून त्याला खांबाआड ओढलं. हा सूर तिच्या ओळखीचा होता. नातेवाइकांशी असंच बोलायचं असतं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. फक्त आज नातेवाईक ती होती.

"खरं सांग."

"ताई..."

"माझी शपथ आहे तुला."

"वीस," तो म्हणाला. "वीसच्या वर. मी मोजायचं सोडून दिलं नंतर."

"जा आत. डॉक्टरांना हे सांग. आत्ताच्या आत्ता."

तो गेला. डोळे पुसत गेला. थोड्या वेळाने डॉक्टर परत आले आणि त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: श्वास मशीन घेईल, हृदय चालू आहे, पण मेंदू इतका वेळ वाट बघत नाही. ते जागे होतील, तुम्हाला ओळखतील, याची आशा धरू नका. ते सौम्य आवाजात बोलत होते, आणि त्यांनी त्यात काही घातलं नव्हतं की काढलं नव्हतं.

वहिनी सगळं ऐकून होती. रडली नाही. ओढणीच्या टोकाची गाठ बांधत आणि सोडत राहिली. बऱ्याच वेळाने तिने बाकावर हात थोपटून ताईला शेजारी बसवलं.

"विमानात शेवटी त्याला नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "तरी विचारत होता, किती वाजले. मी सांगितलं, पोचलोच. दोन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्याने."

ताई समोरच्या मिटलेल्या दारांकडे बघत राहिली.

"एक विचारू?" वहिनीने गाठ सोडली. "निघताना तुमच्या त्या ब्रदरने माझ्यासाठी जागा केली ना, तेव्हा बॅगांबरोबर एक सिलिंडर पण खाली ठेवला. मी बघितलं. गाडीच्या चाकाशी उभा करून ठेवला होता." ती ताईच्या डोळ्यांत बघत होती. "तो भरलेला होता का गं?"

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिच्या एका चाकाचा कुरकुर आवाज वळणापर्यंत येत राहिला. ताईने वहिनीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते बर्फासारखे गार होते.

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "रिकामा होता तो."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. दहा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाखाली या बाईनेही तीस वर्षं काढली होती. मग तिने हळूच मान हलवली, "बरं," म्हणाली, आणि ताईच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून घेतले.